कोरड्या बोअरचे अर्थिंग

२ मार्च २०२५, रविवार

साताऱ्याहून निघालेला टेम्पो दुपारी दोनच्या सुमारास जतच्या पुढे या माळावर पोहोचला. चौदा खोकी, त्यांतले एकही फुटलेले नाही. शेवटचे खोके उतरवताना ड्रायव्हरने आत काय आहे ते विचारले. मी म्हटले, वाद्ये. त्याने एकवार चहूकडे पाहिले. एक बाभूळ, एक बंद बोअर, लांबवर पवनचक्क्यांची रांग. मग मोठ्या सहानुभूतीने म्हणाला, "मास्तर, ऐकायला कोन हाय हितं?" मला हसू आवरेना. कोणी नाही, म्हणून तर आलो.

दोन दगडी खोल्या, जाड भिंती, वर स्लॅब. दोनशे पावलांवर बनुबाईंची वस्ती, सहा-सात घरांची. घरमालक सांगलीला राहतात, किल्ली बनुबाईंकडेच होती. त्या साठीच्या, मेंढरे राखणाऱ्या, आवाज असा की ओढ्यापलीकडचा कळप वळावा. माझ्यासाठी तो अगदी सोयीचा आहे.

रोजनिशीत तरी कारण स्वच्छ लिहावे. माझा डावा कान चार वर्षांपूर्वी पूर्ण गेला. उजवाही त्याच वाटेने निघाला आहे. सांगलीच्या डॉक्टरांनी आलेख समोर ठेवून सांगितले की वर्षभर नक्की, दोन वर्षे मिळाली तर नशीब. अकरा वर्षे मी मुलांना ध्वनिशास्त्र शिकवले आणि सगळ्या सुट्ट्या एका रचनेच्या विचारात घालवल्या. चाळीस मिनिटांची, अखंड. ती ऐकू येत असतानाच पूर्ण करायची आहे. बिनपगारी रजा, हे घर आणि ही चौदा खोकी एवढ्यासाठीच.

५ मार्च

मांडणी झाली. निवडीची कारणे नोंदवतो, कारण विद्यार्थ्यांकडून नेहमी हाच प्रश्न येतो की सुरुवात कोणत्या यंत्राने करावी. माझे उत्तर असे की यंत्रापासून करूच नये, संगीतापासून करावी. प्रोग्रेसिव्ह इलेक्ट्रॉनिक संगीतात आठ-दहा सुरांची एक साखळी सतत फिरत राहते आणि प्रत्येक फेऱ्याला तिच्यातले काहीतरी केसभर बदलते. ऐकणाऱ्याला बदल जाणवत नाही, पण दहा मिनिटांनी तो दुसऱ्याच प्रदेशात असतो. तेव्हा पहिली गरज चांगल्या सिक्वेन्सरची, म्हणजे ती साखळी फिरवणाऱ्या यंत्राची. दुसरी, खर्जासाठी एका वेळी एकच सूर काढणारा ॲनालॉग सिंथेसायझर. त्याचा फिल्टर हाताने फिरवता आला पाहिजे, मेनूत शिरून नव्हे. फिल्टर म्हणजे सुरावरची झडप, किती उजेड आत सोडायचा ते ती ठरवते. तिसरा, अनेक सूर एकदम धरणारा, मागे पसरलेल्या धुक्यासाठी. शिवाय सुरांचा प्रतिध्वनी देणारा एक डिले, वाद्ये संगणकाला जोडणारा चार इनपुटांचा इंटरफेस, दोन मॉनिटर स्पीकर, एक उत्तम हेडफोन. यापुढचे सगळे मोह. थोडी यंत्रे घ्यावीत आणि त्यांची प्रत्येक कळ पाठ करावी.

भिंतींवरून आवाज परततो, त्याला शोषायला महागडे फोम आणणार होतो. बनुबाईंनी काळ्या घोंगड्या दाखवल्या. टांगून टाळी वाजवली. आवाज जागच्या जागी विरला. अकरा घोंगड्या घेतल्या. त्या म्हणाल्या, "भिताडाला थंडी वाजती व्हय मास्तर?" आणि वस्तीवर जाऊन सगळ्यांना सांगितले. संध्याकाळी अंगणवाडीच्या संयोगिताताई खास ते बघायला आल्या. टँकरच्या पाण्याची यादी त्यांच्याकडे असते, माझे नाव त्यांनी दोन बॅरलसाठी लिहून घेतले.

९ मार्च

एक अडचण. यंत्रे सुरू करताच स्पीकरमधून जाड गुणगुण येते. पन्नास हर्ट्झ, म्हणजे वीजपुरवठ्याचाच सूर. केबली बदलल्या, एकेक यंत्र काढून पाहिले, दिशा बदलल्या. शेवटी दोष सापडला तो घराच्या अर्थिंगचा. अर्थिंग म्हणजे नको असलेली वीज जमिनीत सोडून देण्याची वाट. पण इथे दोन फुटांखाली कातळ, आणि वर्षभर कोरडा. कोरडी जमीन वीज घेत नाही. वाट आहे, पण पलीकडे दार बंद.

११ मार्च

जतहून तौसीफ वायरमन आला. पंचविशीतला, हुशार, बोलका. रोजे सुरू असल्याने चहाला हात जोडले आणि भर उन्हात पाण्याचा थेंब न घेता चार तास काम केले. कातळात खड्डा मारणे व्यर्थ आहे, असे त्याचे म्हणणे पडले. त्यापेक्षा अंगणातली बंद बोअर बघू. बोअरच्या केसिंगला, म्हणजे तोंडाच्या लोखंडी नळीला, अर्थिंगची वायर बांधणे ही इकडची सर्रास रीत आहे.

बोअरच्या तोंडावर फरशी होती. ती दोघांनी सरकवली. सहा इंचांची नळी, आणि आत बोअर मारणाऱ्या गाडीच्या तुटलेल्या सळ्या अडकलेल्या, थेट तळापर्यंत. घरमालकांच्या सांगण्यानुसार सहाशे फूट लोखंड. तौसीफ खूश झाला. "सर, असलं अर्थिंग एमएसईबीच्या साहेबाला पन नसंल!" त्याने तांब्याची पट्टी कसली, दोन किलो मीठ आणि दोन बादल्या पाणी आत सोडले. मीटरने मोजले तर विजेला होणारा रोध जवळजवळ शून्य. गुणगुण कापल्यासारखी थांबली. दर आठवड्याला बादलीभर पाणी सोडत जा, असे सांगून तो गेला.

पाणी पडल्याचा आवाज मात्र आला नाही. सहाशे फूट आहे, येणारही नाही.

१२ मार्च

बनुबाईंना उघडी फरशी आवडली नाही. त्यांनी सांगितले ते मजेशीर असल्याने लिहून ठेवतो. बारा वर्षांपूर्वी पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ इथेच उभा राहिला. सहाशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. सळ्या वर ओढताना "खालनं कुनी धरल्यागत" अडकल्या आणि तुटल्या. तेव्हापासून वस्तीतली एकही बाई तिथे खरकटे पाणीसुद्धा टाकत नाही. कोरड्या बोअरला पाणी दाखवू नये, तिला तहानेची सवय झालेली असते, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना विद्युतरोध आणि विद्युतप्रवाह समजावून दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

१५ मार्च

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी हेडफोन लावून खर्जाचा सूर बसवत होतो. डाव्या कानात आवाज आला.

पहिली शंका कंपनाची, म्हणजे उजवीकडचा आवाज कवटीतून डावीकडे जाण्याची. म्हणून उजवा भाग कानावरून काढला. आवाज होता. सर्व वाद्ये बंद केली. होता. इंटरफेसवरचा मीटर पाहिला. काटा शून्यावर. रेकॉर्ड करून पाहिले. सरळ रेघ. अर्थिंगची पिन काढली, तेव्हा थांबला. लावली, पुन्हा आला. पाच वेळा करून पाहिले.

लांब कोणीतरी सुपात काहीतरी पाखडत असावे, तसा आवाज. अतिशय संथ. चार वर्षांनी डाव्या बाजूला काहीतरी आहे. अर्धा तास तसाच ऐकत बसलो. नंतर लक्षात आले की मी रडतो आहे.

१८ मार्च

पाण्याशी संबंध आहे. बादली ओतल्यावर वीस मिनिटांत आवाज स्पष्ट होतो, मग दिवसभरात विरत जातो. आता रोज एक बादली ओततो. रचनेला विलक्षण वेग आला. खालचा आवाज ऐकत फिल्टर फिरवतो, आणि हात आपोआप योग्य जागी थांबतो. सात महिन्यांत जमली नव्हती ती पहिली बारा मिनिटे तीन दिवसांत जमली.

रोज सकाळी कानांची चाचणीही घेतो. ऑसिलेटरने बारीक सूर काढून तो चढवत न्यायचा आणि कुठे ऐकू येईनासा होतो ते लिहायचे. इथे आलो तेव्हा उजव्या कानाची मर्यादा अकरा हजार हर्ट्झ होती. आज आठ हजार दोनशे. तीनदा मोजले.

धूळ असेल. उष्णता असेल.

२१ मार्च

उजवा : सहा हजार. बनुबाई बोलताना त्यांचे स आणि श गळून पडतात.

दुपारी डाव्या कानात कुकरची शिट्टी ऐकली. उठून स्वयंपाकघरात गेलो. शेगडी बंद, कुकर फळीवर. परत आलो. पुन्हा शिट्टी, खालून, लांबून, पण माझ्याच कुकरची. शेवटी ती जराशी फाटते. मग मुद्दाम कुकर लावला. वाफ सुटली, झाकण थरथरले, पण शिट्टीचा आवाज नाही. उजव्या कानाला ती आता ऐकूच येत नाही.

बसवत नाही एका जागी. तीनदा सगळ्या केबली काढून पुन्हा लावल्या.

२४ मार्च

उजवा : चार हजार.

मेंढरांच्या घंट्या वर ऐकू येत नाहीत. खाली ऐकू येतात. मोबाईलची घंटा, तशीच. चुन्याच्या डबीचे झाकण, तसेच. यादी केली आहे. उजव्या कानातून जे जे गेले ते ते डाव्यात, जमिनीखालून, दोन-तीन दिवसांनी. अपवाद एकही नाही.

म्हणजे मला डावा कान परत मिळत नाही. उजव्या कानातले काढून खाली नेले जात आहे, आणि तेच मला ऐकवले जात आहे.

पाणी बंद.

२६ मार्च

दोन दिवस पाणी नाही, पिन काढलेली. डावीकडे शांतता. उजवा : चार हजार. घट थांबली, पण गेलेले परत आले नाही. परत येणारच नसेल, तर थांबून मी काय वाचवतो? अर्धवट रचना आणि अर्धवट कान. आणखी पंधरा मिनिटांची रचना बाकी आहे. खालच्या आवाजाशिवाय एक सूरही जागेवर बसत नाही.

संध्याकाळपर्यंत घरात फेऱ्या घातल्या.

पाच वाजता पिन लावली. दोन बादल्या.

२९ मार्च

उजवा : एक हजार आठशे. आईचा फोन. तिचे शब्द लागले नाहीत, नुसता हुंकार. कामात आहे, असे सांगून ठेवला.

चौथा दिवस टँकर नाही. बॅरलमध्ये अर्धेच पाणी उरले. त्यातले ओतताना बनुबाई कुंपणाशी उभ्या दिसल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. जवळ येऊन, तोंड माझ्या कानाशी लावून, एकेक शब्द तोडून बोलल्या, म्हणून कळले : "मास्तर, मानसाच्या तोंडचं पानी भुईला पाजताय व्हय? माजी मेंढरं खुरं चाटाय लागली." त्या गेल्यावर उरलेले ओतले.

मला याची लाज वाटते, हे नोंदवून ठेवतो.

३१ मार्च

तौसीफ आला, नवा कुर्ता, हातात शीरखुर्म्याचा डबा. ईद आहे. तो हसत काहीतरी सांगत होता, मी अंदाजाने मान डोलावत होतो. पाणी किती सोडता, ते त्याने खुणेने विचारले. मी बोटे दाखवली; बॅरल रिकामे झाले तरी आवाज आता विरत नाही, हे मात्र सांगितले नाही. तो बोअरजवळ गेला, वाकून आत पाहिले आणि झटक्याने मागे सरला. कानावर तळवा दाबून धरलेला. मोबाईलवर लिहून दाखवले : सर, आत कुकर वाजतोय.

म्हणजे त्यालाही —

त्याने पक्कड काढून वायर तोडायला घेतली. मी त्याचा हात धरला. जोरात धरला. सात मिनिटे बाकी आहेत, असे ओरडलो बहुधा. त्याने पक्कड खिशात घातली. मग डबा कट्ट्यावर ठेवून निघून गेला. मोटारसायकल सुरू करताना कानात बोट घालून हलवत होता.

३ एप्रिल

रचना पूर्ण. चाळीस मिनिटे, बारा सेकंद.

उजवा : एकशे वीस. पुरी ऐकताच आली नाही. स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेवून खर्ज मोजला.

बनुबाईंचा कुत्रा हाकेला वळत नाही. त्या हाका मारतात, कळप तसाच पुढे जातो. दोन मेंढ्या पाझर तलावाकडे भरकटल्या. ओल पसरते आहे. अंगणात कुठेही पाऊल ठेवले की टाचेला गार लागते. सहाशे फूट खाली ओतलेले पाणी वर कसे —

४ एप्रिल

उजवा : काही नाही.

मोठ्याने अ म्हटले. छाती थरथरली, पण आवाज नाही. कवटीच्या आतूनही नाही. माणसाला स्वतःचा आवाज हाडांतून येतो, तो शेवटी जातो, असे मीच शिकवत असे.

तोही गेला.

वायर तोडली. स्वतःच्या हाताने. पट्टी उखडली. फरशी ओढायला गेलो तर जागची हलेना. एकट्याने हलणार नाही. तौसीफला तीनदा मेसेज केला. उत्तर नाही.

५ एप्रिल

वायर नाही, हेडफोन नाही, वीजही गेलेली. तरी डावीकडे स्पष्ट. आता कुकर नाही, घंटा नाही.

मी बोलतो आहे. खालून. वर्गात माइक तपासताना म्हणायचो तसे, एक, दोन, एक, दोन. शांतपणे. सराव केल्यासारखे.

वायरची गरज फक्त मला होती, खालच्या आवाजाला नव्हे.

६ एप्रिल, सकाळ

आरशासमोर उभा राहून ओरडलो. तोंड उघडते, शिरा ताणतात. संयोगिताताई दारात होत्या, टँकरची वही घेऊन. माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर — त्यांना काहीच ऐकू आले नाही. माझ्या घशातून आवाज निघतच नाही. त्या विचारत होत्या, ओठ वाचले : घसा बसला का?

वहीत त्यांनी लिहून दाखवले. बारावा दिवस टँकर नाही. रस्त्यावर पंक्चर, मग डिझेल, मग काय ते माहीत नाही. वस्तीवर घागरभरही पाणी नाही.

लिहून सांगणार होतो. काय लिहावे ते ठरेना. त्या गेल्या.

६ एप्रिल, दुपार

आवाज बदलला. एक, दोन थांबले. आता वाक्ये आहेत, माझीच, माझ्या ढंगाची, सावकाश समजावणारी. बोअरला पाणी लागले आहे. गोड पाणी आहे. भांडी घेऊन या, गर्दी करू नका. बनुबाई, आधी तुम्ही या, वाकून ऐका म्हणजे खात्री पटेल —

खिडकीतून बनुबाई दिसल्या. मेंढरांमागे होत्या. थबकल्या. मान वळवली. माझ्या घराकडे नाही. बोअरकडे.

त्यांना ऐकू जाते आहे.

धावलो. आडवा उभा राहिलो, हात हलवले, डोके हलवले. त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या. गालावर हात ठेवला माझ्या, आईने ठेवावा तसा. ओठ वाचले : आवं मास्तर, आदी का न्हाई सांगितलं? आणि हंडा आणायला वळल्या. वाटेतच दोन्ही हात तोंडाशी धरून वस्तीला हाक मारू लागल्या.

घरे उघडत आहेत. हंडे, कळशा, एकीच्या कडेवर पोर. सातजणी, नाही, नऊ. मी एक, त्या नऊ. एकीला ढकलले तर दुसरी पुढे जाईल, आणि ढकलणारा पाणी अडवतो आहे असेच त्यांना वाटेल. मागच्या आठवड्यात मी काय करत होतो ते सगळ्यांनी पाहिले आहे. संयोगिताताई रांग लावत आहेत. त्यांना वाचता येते. एवढे एकच उरले. पान फाडून त्यांच्या हातात —

मोठ्या अक्षरात :

सर्वांस विनंती. हे संयोगिताताईंनी सगळ्यांना दाखवावे.

बोअरला पाणी लागलेले नाही. कोणीही नळीशी वाकू नये, कान लावू नये; माझे कान आणि माझा आवाज असेच खाली गेले. जो आवाज येतो आहे तो माझा आहे, पण बोलणारा मी नाही. मी इथे तुमच्यासमोर उभा आहे. माझ्या तोंडाकडे नीट पाहा. माझे ओठ मिटलेले आहेत, आणि तरीही तुम्हांला आत्ता जे ऐकू येत आहे ते —